स्वप्नातच कळलं की हे स्वप्न आहे. आता पुढे काय करू?

रातपाळी | ५ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

नमस्कार. बरेच महिने स्वप्नांच्या या फोरमवर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, नऊ वर्षं झाली. महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट असते.

गेली दोन वर्षं मला एकच स्वप्न अधूनमधून पडतं. वॉर्ड आहे, दोन्ही बाजूंना कॉट, आणि कुणाची तरी बेल वाजतेय. मी धावतेय. कॉटच्या डोक्याशी नंबरच्या पट्ट्या असतात, त्या वाचत पुढे जाते, पण हवा तो बेड काही सापडत नाही. बेल थांबत नाही. मग जाग येते ती छातीत धडधड घेऊनच, आणि कपडे घामाने ओले. नंतर डोळा लागत नाही आणि रात्री परत ड्यूटीवर उभं राहायचं असतं.

मागच्या मंगळवारी मात्र वेगळंच झालं. तेच स्वप्न चाललेलं. एका पट्टीवर १४ वाचलं, दोन पावलं पुढे गेले, शंका आली म्हणून वळून पाहिलं तर त्याच पट्टीवर ४१. आणि एकदम लख्ख कळलं, अगं, हे स्वप्न आहे, तू घरी झोपली आहेस! त्या क्षणी सगळं उजळल्यासारखं झालं. फरशी नुकती पुसली होती, तिच्यावर ट्यूबलाइटची लांब रेघ पडली होती, ती मला आत्ताही दिसते. इतका आनंद झाला की त्या आनंदानेच जाग आली. सगळं मिळून पाच-सहा सेकंद असतील.

याला ल्युसिड ड्रीम म्हणतात हे इथेच वाचून कळलं. ते पुन्हा कसं आणायचं? आलं तर टिकवायचं कसं? आणि मुख्य म्हणजे, हे बेलचं स्वप्न त्यामुळे जाईल का?

---

बांधावरून | ५ ऑक्टोबर, सायं. ७:१५

ताई, स्वागत. आणि अभिनंदन. मला पहिलं असं स्वप्न पडायला चार महिने रोज प्रयत्न करावे लागले होते, तुम्हाला ते आपण होऊन आलं.

तुम्हाला खूण शोधत बसायची गरज नाही, ती तुमच्या स्वप्नातच आहे. स्वप्नातलं लिखाण दुसऱ्यांदा वाचलं की बहुतेक वेळा बदलतं. आमच्यात लोक त्यासाठी मुद्दाम दिवसातून दहा वेळा घड्याळ बघायची, एसटीची पाटी दोनदा वाचायची सवय लावतात, म्हणजे तीच सवय झोपेत उतरते. तुम्ही तर नोकरीतच बेड नंबर वाचता. आता एवढंच करा: ड्यूटीवर दिवसातून चार-पाच वेळा पट्टी वाचा, नजर काढा, परत वाचा आणि मनापासून विचारा, "मी आत्ता स्वप्नात आहे का?" मनापासून हे महत्त्वाचं. यंत्रासारखं विचारलं तर स्वप्नातही यंत्रासारखंच विचाराल आणि "नाही" म्हणून पुढे चालायला लागाल. माझं सुरुवातीला तसंच झालं.

दुसरी युक्ती नाकाची. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घ्यायचा. स्वप्नात तो आरामात जातो. माझ्या अनुभवात याच्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही.

टिकवायचं म्हणाल तर, कळल्याबरोबर नाचायचं नाही. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायचे. खाली जमिनीकडे बघायचं. भिंतीला हात लावायचा, ती गार आहे की खडबडीत ते पाहायचं. लक्ष अंगात राहिलं की स्वप्न राहतं. लगेच उडायला किंवा काही घडवायला गेलात की विरघळतं.

आणि सगळ्यात आधी वही. उशाशी वही-पेन ठेवा. जाग आली की हलू नका, डोळे मिटलेलेच ठेवून शेवटचा प्रसंग धरा, तिथून मागे मागे जा, मग लिहा. सोबत वेळ लिहा, कुठे झोपला होतात ते लिहा, उठल्यावर पहिल्यांदा काय ऐकू आलं तेही लिहा. नवीन माणसं हे कंटाळवाणं म्हणून सोडतात आणि मग महिन्याभरात इकडे येणंच सोडतात.

---

सिव्हिल_ड्रॉइंग | ५ ऑक्टोबर, रात्री ११:५०

पाच तास झोपून अलार्म लावा, अर्धा-पाऊण तास जागं राहा, मग "पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा मला कळेल की हे स्वप्न आहे" असं घोकत परत झोपा. माझं यानेच होतं. शिवाय गॅलंटामाइनच्या गोळ्या घेऊन परदेशात खूप जणांना रिझल्ट येतो. आपल्याकडेही मिळतात म्हणे.

---

ओपीडी_संपल्यावर | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून वरच्या प्रतिसादावर आधी लिहितो.

गॅलंटामाइन हे अल्झायमरचं औषध आहे. २०१८ साली स्टीफन लाबर्ज आणि सहकाऱ्यांनी १२१ जणांवर प्रयोग केला होता. ८ मिलिग्रॅम घेतलेल्या रात्री ४२ टक्के जणांना ल्युसिड स्वप्न पडलं, नुसत्या खोट्या गोळीवर १४ टक्के. म्हणजे परिणाम खरा आहे, ते नाकारत नाही. पण ते प्रयोगात सहभागी झालेले, याच गोष्टीची ओढ असलेले लोक होते. या औषधाने मळमळ होते, नाडीचे ठोके मंदावू शकतात. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे आणि स्वप्नांसाठी ते कुणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे.

आता रातपाळीताई. मध्येच उठून परत झोपायची पद्धत चालते, त्यात शंका नाही, पण ज्याला पुढे सलग झोपता येतं त्याच्यासाठी. नाइट करून आलेल्या माणसाची झोप आधीच तुटपुंजी असते आणि तुमच्या हातून रात्री इंजेक्शनं दिली जातात. ड्यूटी आहे त्या दिवशी अलार्म लावून झोप मोडायची नाही. हा माझा सल्ला कुठल्याही तंत्रापेक्षा वर धरा.

दुःस्वप्नांसाठी जागेपणी करायचा एक साधा उपचार आहे. स्वप्न कागदावर लिहायचं, त्याला आपल्याला हवा तसा वेगळा वळसा द्यायचा आणि ते नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. याच्यामागे बराच अभ्यास आहे. २००६ साली नेदरलँड्समध्ये दुःस्वप्नं पडणाऱ्या २३ जणांवर ल्युसिड स्वप्नांचा छोटा प्रयोग झाला, त्यात दुःस्वप्नं कमी झाली. पण गंमत अशी की ज्यांना स्वप्नात भान आलंच नाही त्यांचीही कमी झाली. आपण याबाबत काही करू शकतो हे मनाला पटणं हाच बहुधा मोठा भाग असावा.

एक विचारतो, उत्तर इथे द्यायलाच हवं असं नाही. त्या बेलमागे खरोखर घडलेलं काही आहे का? असेल तर एकदा कुणाशी तरी समोर बसून बोला. आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांना भास होण्याचा किंवा खरं-खोटं यात गल्लत होण्याचा आजार झालेला आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

---

सिव्हिल_ड्रॉइंग | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

डॉक्टर, समजलं. मी स्वतः गोळी घेतलेली नाही, ऐकीव लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

---

कुळागर | ६ ऑक्टोबर, दुपारी २:३०

फोंड्याहून नमस्कार. ताई, एक सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी भीतीने वर्षभर हे सगळं बंद केलं होतं.

पहाटे उठून परत झोपायला लागले तेव्हा एकदा डोळे उघडले आणि अंग हलेना. हाक मारायची तर आवाज फुटेना. पायथ्याशी कुणी तरी उभं आहे असं स्पष्ट वाटत होतं. आजीला सांगितलं तर तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या आणि उशाखाली सुरी ठेवली. आजीच्या मायेने बरं वाटलं, पण खरं कारण पुढे इथेच कळलं. स्वप्नांच्या झोपेत शरीर आपले स्नायू सैल करून ठेवतं, नाहीतर आपण स्वप्नात धावताना खरोखर खाटेवरून धावलो असतो. कधी मन आधी जागं होतं आणि अंग मागून. तेवढे क्षण ते असं होतं. अपुरी झोप आणि वेळी-अवेळी झोपणं याने ते जास्त होतं, म्हणून तुम्हाला मुद्दाम लिहिलं. झालंच तर झटापट करू नका. श्वास मोजा आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. सुटतं.

---

नायमेखनकर | ७ ऑक्टोबर, रात्री १:१०

वाचनखूण साठवली आहे, फार चांगला धागा होतोय. मी नेदरलँड्समध्ये राहतो, म्हणून इथलं थोडं.

ल्युसिड ड्रीम हा शब्द रुळवला तो एका डच मानसोपचारतज्ज्ञाने, फ्रेडरिक व्हान एडनने, १९१३ साली. तोसुद्धा वहीवालाच. १८९८ ते १९१२ या काळात त्याने आपल्या अशा ३५२ स्वप्नांची नोंद केली होती. पण कुणी "मला झोपेत भान होतं" म्हटलं तर ते खरं कशावरून, हा प्रश्न पुढे साठ वर्षं तसाच राहिला. लोक म्हणायचे, मध्ये क्षणभर जाग आली असेल.

मग १९५३ साली शिकागोत रेम झोपेचा शोध लागला, म्हणजे ज्या झोपेत बुबुळं पापण्यांखाली भिरभिरतात आणि बहुतेक ठळक स्वप्नं पडतात ती. कुळागरताईंनी लिहिलं तसं त्या वेळी अंग लुळं असतं, पण डोळे मोकळे असतात. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न याने तेच हेरलं. ॲलन वर्स्ली नावाच्या माणसाला सांगून ठेवलं, स्वप्नात भान आलं की डोळे ठरवून डावीकडे-उजवीकडे फिरव. एप्रिल १९७५ मध्ये वर्स्ली झोपलेला असताना यंत्राच्या कागदावर त्या ठरवलेल्या हालचाली उमटल्या. मला ही गोष्ट आजही अंगावर काटा आणते. झोपलेल्या माणसाने बाहेरच्याला पाठवलेली ती पहिली खूण. पुढे स्टॅनफर्डला लाबर्जने हेच स्वतंत्रपणे सिद्ध करून १९८१ साली प्रसिद्ध केलं.

आणि २०२१ साली तर उलट दिशाही खुली झाली. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स अशा चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून ३६ जणांना झोपेत प्रश्न विचारले. एकाला विचारलं, आठ वजा सहा किती? त्याने झोपेतच डोळे दोनदा फिरवले. सगळे प्रयत्न धरले तर बरोबर उत्तरं साधारण १८ टक्के वेळाच आली, पण आली. त्यातलं मला सर्वात आवडलेलं म्हणजे बाहेरचा आवाज आत कसा पोचतो ते. एकाला तो प्रश्न स्वप्नातल्या गाडीच्या रेडिओवरून ऐकू आला!

---

माजघर | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

बाळा, तुझं लिहिणं वाचून काल रात्री बराच वेळ तुझाच विचार करत होते. मी सत्तरीची आहे, तंत्र-बिंत्र काही करत नाही. माझी स्वप्नं मी पंचवीस वर्षं लिहितेय एवढंच.

याला मराठीत काय म्हणावं असं इथे सारखं कुणी तरी विचारतं. सजग स्वप्न म्हणतात, जागृत स्वप्न म्हणतात. नामदेवराय पांडुरंगाला सोबत घेऊन आले आणि त्यांनी आपल्याला "स्वप्नामाजी जागें" केलं, असं तुकोबा सांगतात. त्यांना मिळाली ती कवित्वाची आज्ञा, ती जाग निराळी आणि फार मोठी, तिची आपल्या वह्यांशी बरोबरी करायची नाही. पण शब्द म्हणून मला तोच जवळचा वाटतो. स्वप्नामाजी जाग.

आता माझा प्रश्न. नायमेखनकरांनी रेडिओचं लिहिलं त्यावरून सुचला. तुझ्या स्वप्नातली बेल वाजते कशी? हॉस्पिटलातल्या बेलसारखीच का?

---

रातपाळी | ७ ऑक्टोबर, दुपारी ४:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

डॉक्टर, हो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री वॉर्डात आम्ही दोघीच होतो आणि पेशंट अडतीस. मी एका सीरियस पेशंटपाशी अडकले होते आणि दुसरीकडे एका आजींची बेल वाजत राहिली. पोचले तेव्हा वीस मिनिटं झाली होती. त्यांना पाणी हवं होतं, बाकी काही नाही. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट "दमलीस ना" म्हणाल्या. दोन दिवसांनी बऱ्या होऊन घरी गेल्या. तरी ते "दमलीस ना" अजून निघत नाही मनातून. बोलेन कुणाशी तरी, नक्की.

माजघरताई, तुमचा प्रश्न वाचून मी थांबलेच. आमच्या वॉर्डातली बेल टिंगटाँग वाजते, वर लाल दिवा लागतो. स्वप्नातली तशी नाहीच. ती ठण ठण ठण अशी, लोखंडावर मारल्यासारखी. दोन वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

बांधावरून | ७ ऑक्टोबर, सायं. ६:००

वही, ताई. वेळ लिहा.

---

रातपाळी | १५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

आठवडाभर लिहिलं. या आठवड्यात पाच नाइट होत्या, स्वप्न दोनदा पडलं. दोन्ही वेळा भान आलं नाही. पण दोन्ही वेळा जाग आली तेव्हा घड्याळात पावणेअकरा वाजून दोन-तीन मिनिटं झाली होती. मी साडेआठला घरी येते, अंघोळ करून सव्वानऊपर्यंत झोपते.

आमच्या घरामागे भिंतीपलीकडे शाळा आहे. पावणेअकराला भरते. तिथे घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजवतात. मिरज जंक्शन, इथे रुळाला काय तोटा. आम्ही या घरात राहायला आलो तेही दोन वर्षांपूर्वीच, त्या रात्रीनंतर महिन्याभराने.

लिहिताना हात थरथरतोय. रात्री झोपते तेव्हा हे स्वप्न कधीच पडलेलं नाही, हेही आत्ता कळतंय.

---

ओपीडी_संपल्यावर | १५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

अतिशय सुंदर निरीक्षण. सव्वानऊ ते पावणेअकरा म्हणजे दीड तास. झोपेचं एक चक्र साधारण नव्वद मिनिटांचं असतं आणि रेम त्याच्या शेवटी येते. शिवाय शरीराच्या घड्याळाप्रमाणे सकाळच्या वेळी रेमचा जोर जास्त असतो. म्हणजे घंटा नेमकी तुमच्या स्वप्नाच्या मधोमध पडते. मन ती ऐकतं आणि त्याच्याकडे घंटेची जी सर्वात दुखरी गोष्ट आहे ती पुढे करतं.

उपाय अगदी साधा आहे. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते घाला, त्या बाजूची खिडकी लावून घ्या.

---

रातपाळी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

इअरप्लग आणले. ड्यूटी असेल त्या दिवशी रोज घालणार, शब्द देते.

पण मनात एक आहे. नाइट संपून दुसऱ्या दिवशी ऑफ असतो, तेव्हा झोप मोडली तरी चालते. त्या एका दिवशी कान उघडे ठेवावेत असं फार वाटतंय. घंटा बंद केली तर स्वप्न जाईल, पण ती वाजत असताना मी घाबरत नाही, असं एकदा तरी व्हायला हवं.

---

ओपीडी_संपल्यावर | १६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

ऑफच्या दिवशी माझी हरकत नाही. जागेपणीचा सराव मात्र चालू ठेवा.

---

नायमेखनकर | १६ ऑक्टोबर, रात्री ११:३०

मग त्या घंटेलाच खूण करा. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असाच प्रयोग झालाय. झोपण्याआधी एक ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा, आणि तो आला की "मी स्वप्नात आहे का" हे तपासायची सवय लावायची. मग रेम सुरू झाली की तोच आवाज हळू वाजवायचा. तुमच्याकडे शाळा हे काम फुकट करतेय. ज्या दिवशी पावणेअकराला जाग्या असाल त्या दिवशी ठण ऐकू आलं की समोर जे काही लिहिलेलं असेल ते दोनदा वाचा.

---

रातपाळी | ३ नोव्हेंबर, सायं. ५:१०

दिवाळीच्या उशिरा शुभेच्छा. शाळेला सुट्टी होती. सहा नाइट झाल्या, इअरप्लग न घालता झोपले, स्वप्न एकदाही पडलं नाही. वहीत सहा पानं, एकावर मामाच्या गावची म्हैस, एकावर लग्नातली पंगत. किती दिवसांनी मला म्हशीचं स्वप्न पडलं!

आज शाळा सुरू झाली. मी जागी होते. गॅलरीत वाळत घातलेल्या पिशवीवर दुकानाचं नाव आहे, ते दोनदा वाचलं. बदललं नाही.

---

माजघर | ३ नोव्हेंबर, सायं. ७:००

म्हशीचं पान फाडू नकोस हं.

---

रातपाळी | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

काल ऑफ होता, सकाळी कान उघडे ठेवून झोपले. आत्ता वहीतून जसंच्या तसं उतरवतेय.

व्हरांडा. धावतेय. ठण ठण ठण. पाय थांबले. मनात आलं, ही शाळेची घंटा. पट्टी वाचली, ७. परत वाचली, पट्टी कोरी. आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण तळहात चोळले. चोळताना ग्लोव्हजची पावडर लागली हाताला, ती बोटांत जाणवत होती. खाली फरशी बघितली. घंटा चालूच. बेड शोधायचा नाही असं ठरवलं नव्हतं, पण शोधावासा वाटलाच नाही. आवाजाकडे चालत गेले, सावकाश. व्हरांड्याच्या टोकाला दार होतं, ते आमच्या वॉर्डात नाही. उघडलं तर बाहेर मैदान, ऊन, आणि कडुनिंबाला लटकवलेला रुळाचा तुकडा. वाजवणारं कुणी नव्हतं. मी हात लावला. तो थरथरत होता.

जाग आली तेव्हा बाहेर शेवटचे दोन टोले ऐकू आले. धडधड नव्हती. कूस बदलून परत झोपले, दोन वाजता उठले.

ती शाळा मी दोन वर्षांत आतून कधी पाहिलेली नाही, आमच्या बाजूने नुसती भिंत आहे. उद्या नाइटहून येताना वळसा घालून जाणार आहे.

---

बांधावरून | १६ नोव्हेंबर, दुपारी २:००

ताई, मी हे तीनदा वाचलं. कळवा नक्की.

---

रातपाळी | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

जाऊन आले. कडुनिंब नाही, बदामाचं झाड आहे. रूळ फांदीला जाड तारेने बांधलाय, हातभर लांब, मधोमध मारून मारून तेवढा भाग चकचकीत झालाय. शिपाईमामा होते, त्यांना विचारून एक टोला मी दिला. आता इअरप्लग घालून झोपते, रात्री ड्यूटी आहे.